मधल्या भिंतीपलीकडची बिअर

आमच्या सेलूच्या उन्हात खिडकीचे गज वितळतात, अन् हा शेजारी घरात बिअर मुरवतो. पुण्याच्या ब्रुअरीत कोणत्या पिंपात काय मुरायलंय, हे सोयरिकीच्या बातमीसारखं सांगतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, नवी आली की पुडी आधी माझ्या नाकाला. "काका, आंब्याचा वास यायलाय का न्हाई?" मला आपला सरकीच्या पेंडीचाच येतो.

परवा दुपारी मधली भिंत हादरली. उकाड्यानं त्याची बाटली फुटली होती. काचा दाराच्या लाकडात रुतल्या. त्यानं सगळी गल्ली लिंबाखाली बसवली अन् हेल्मेट घालून उरलेल्या बाटल्या उघडायला एकटा आत गेला. प्रत्येक 'फस्स'ला अर्धं सेलू दचकत होतं.

घामाघूम बाहेर आला, हेल्मेट माझ्या हातात देऊन हसला, अन् एकदम थांबला.

"काका, तुमाला दिलेली बाटली कुठं हाय?"

"गॅसजवळच्या फळीवर."

आमची ही नुकतीच भाकरी टाकायला घरात गेली होती. मी हिला हाक मारेस्तोवर तो पळाला.

बाटली पोटाशी धरून तो बाहेर आला अन् मोकळ्या मैदानाकडं निघाला. निजलेलं लेकरू जागं होऊ नये तसा, हळूहळू. हेल्मेट माझ्याच हातात होतं.