शेवाळी कोपरा

“मला घालायचा नाहीये हो, उसवायचाय.”

जुन्या कपड्यांच्या दुकानात आत्या हे पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा दुकानदारीण तिला आरसा दाखवत होती. तिचं बोट हवेतच राहिलं. पुढे दोघींची गट्टी जमली. आत्या दिसली की ती लोकरीचे सगळे स्वेटर काउंटरवर ओतायची. “घ्या, आणलं तुमचं शवागार.” आत्या एकेक स्वेटर उलटा करून बगलेतली शिवण बघायची. कडा कापून मशीनवर शिवलेल्या असतील तर बाजूला, कारण त्यातून नुसते तुकडे निघतात. कडा टाचलेल्या असतील तर एक टोक ओढलं की अख्खा स्वेटर एका दोऱ्यात सुटत येतो.

“माणसांचं असं नसतं,” दुकानदारीण म्हणायची.

“असतं की. टोक सापडत नाही, एवढंच.”

आत्या एकतीस वर्षं स्वेटरच्या कारखान्यात होती. तयार मालातल्या चुका शोधायच्या टेबलावर. रिटायर झाल्यावर तिने आपल्या दोन खोल्यांपैकी एक लोकरीला दिली आणि दुसरीत स्वतः लोकरीची पाहुणी म्हणून राहू लागली. खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेल्या लडी, खिडकीत वजन बांधून टांगलेल्या ओल्या लडी, बादलीत कांद्याच्या सालांचं पाणी. टकळीवर कच्ची लोकरही ती स्वतःच कातायची. तोंडाची टकळी मात्र तिच्या वाट्याला आली नाही. ती सगळी माझ्या वडिलांनी घेतली, असं आई म्हणते.

आमच्या घरात कलेची कदर फार. आत्याने शाल दिली की आम्ही सगळे “वा!” म्हणायचो. एक शाल इस्त्रीखाली अंथरलेली असे. एक आईने वॉशिंग मशीनवर घातली होती. त्यानंतर मशीनला सर्दी झाल्याचं ऐकिवात नाही.

वडिलांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा आत्याने वेगळी शाल करायला घेतली. आजीचा मरून स्वेटर तिच्या ट्रंकेत अकरा वर्षं पडून होता. आजी तो वडील शाळेत असल्यापासून वापरायची; त्यांनी त्याच्या बाहीला नाकही पुसलेलं. आजीमागे दागिने वाटून घेताना सगळ्यांना आपापले हक्क आठवले, स्वेटरवर मात्र कुणी हक्क सांगितला नाही. तीन महिने आत्या त्याचं टोक शोधायचं टाळत होती. मग एका दुपारी बसून सगळा उसवला.

लोकर पुरेना, म्हणून तिने स्वतः कातलेल्या लडी त्याला जोडल्या. कांद्याच्या सालीत उकळून सोनेरी केलेल्या. शेवटच्या लडीला स्टीलचं पातेलं मोकळं नव्हतं, तर तिने ती लोखंडी कढईत टाकली. लोखंड कांद्याचा रंग मारतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? लड शेवाळी हिरवी झाली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बाद करणाऱ्या बाईने ही चूक ठेवून दिली. “आईनेही हाताला येईल त्यातच उकळलं असतं,” म्हणाली. शाल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी विणलेली, त्यामुळे ती लड शेवटच्या कोपऱ्यात आली.

वडिलांनी शाल उलगडली. “याला शेवाळ धरलंय का गं?”

आम्ही मनापासून हसलो. आत्याही हसली, जरा उशिरा.

“दादा, आईचा स्वेटर आहे यात.”

“हो का? वा, वा,” म्हणत त्यांनी शाल आईच्या हातात दिली. तिथून पुढे ती दोन वर्षं कपाटात राहिली.

यंदा आईने कपाटं आवरली. नको ते कपडे दोन पिशव्यांत भरले आणि मी ते जुन्या कपड्यांच्या दुकानात पोचवले. तसं दुकान गावात एकच. वाटेत एका पिशवीतून शेवाळी कोपरा बाहेर आला, तो मी आत कोंबला. मी नीटनेटका माणूस आहे.

पाचव्या दिवशी, रविवारी, आत्या चहाला आली. वडिलांसमोर बसली, पिशवीतून सुया काढल्या आणि विणू लागली.

“दादा, वापरतोस का रे ती शाल? आईची?”

“म्हणजे काय! काल टीव्ही बघताना पांघरली होती,” वडील म्हणाले.

“कपाटात ठेवलीय, डांबरगोळ्या घालून,” आई त्याच वेळी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एका प्रश्नाला दोघांचं एकच उत्तर कधी आलेलं नाही.

“म्हणजे काल पांघरली, आज ठेवली,” आईने टाका घातला.

“गोळ्यांसकट पांघरली असेल,” आत्या म्हणाली.

“ऊब काय आहे गं तिला!” वडील रंगात आले. “जीवच होत नाही रोज वापरायला.”

“आण की मग. कोपऱ्यात एक टाका सैल राहिला होता.”

“आत्ता? वरच्या कप्प्यात आहे ती. स्टूल लागेल.”

“आणि स्टूल मोडलंय,” आई म्हणाली. ती त्याच स्टुलावर बसली होती.

मी आत्याच्या हातांकडे बघत होतो. तिचा एक नियम होता: उसवलेली लोकर धुऊन, वजन बांधून सरळ केल्याशिवाय सुईवर घ्यायची नाही. नाहीतर जुन्या टाक्यांच्या वळ्या तशाच राहतात. आज तिच्या सुईवरचा दोरा कुरळा होता. फार तर आदल्या दिवशी, नाहीतर त्याच सकाळी उसवलेला. रंग शेवाळी. मांडीवर दुसरा गुंडा होता, मरून. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते मी बिस्किटाबरोबर गिळलं.

वडील पुढे झुकले. “हा रंग झकास आहे गं. मुद्दाम केलास ना? माझ्या शालीला असा का नाही घातलास?”

सुया थांबल्या.

“कुणासाठी विणताय, वन्सं?” आईने घाईघाईने विचारलं.

आत्याच्या मांडीवरून मरून गुंडा घरंगळला आणि वडिलांच्या खुर्चीखाली गेला. वडील कण्हत वाकले. गुंडा उचलून त्यांनी तळहातावर तोलला, अंगठ्याने चोळून पाहिला.

“मऊ आहे. आपल्याकडे नाही बुवा मिळत असली लोकर.”

त्यांनी तो पुढे केला. आत्याने हात लांब केला, पण गुंडा घेतला नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दुकानात स्वेटर उलटा करून बघायची तशी, सावकाश.

“घे की! बघतेस काय?”

तिने गुंडा घेतला. सुया त्यात खुपसल्या, सगळं पिशवीत भरलं, दारात जाऊन चपला घातल्या.

“अहो वन्सं, चहा निवतोय!”

आत्या दार ओढून घेऊन निघून गेली.