म्हसूने ओळखलेली टोपी

पौडला एसटी थांबायची त्या जागेजवळच म्हसू धनगर काळ्या टोप्या दुरुस्त करत बसायचा. तरुणपणी रोग येऊन त्याची मेंढरं मेली, तेव्हा तो पुण्यात रविवार पेठेतल्या एका टोपीवाल्याकडे कामाला लागला होता. टोपी वाफेवर धरायची, लाकडी साच्यावर चढवायची, आतली चामडी पट्टी शिवायची, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली. पुढं धंदा बसला, मालकाने दुकानाला टाळं लावलं, आणि म्हसू एक साचा नि सुया घेऊन परत आला.

हात लोकरीतच वाढलेला. फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी हातात घेतली की ती कुठल्या काळातली ते त्याला कळायचं. दुसऱ्या मोठ्या लढाईआधीचा विलायती माल दाट, त्यावर पाण्याचा थेंब ठरत नसे. लढाईतल्या टोप्यांत लोकर थोडी आणि चिकटवायचा सरस फार, एका पावसाळ्यात त्यांची कड लोंबायची. त्यानंतरच्या दिसायला काळ्याभोर, पण घामाने रंग सुटून कपाळावर उतरायचा. कुणी वडिलांची टोपी घेऊन आला की म्हसू ती अंगठ्याने दाबून बघायचा. चांगली असली तर म्हणायचा, "जपा हिला. असा माल आता येत न्हाई."

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि काठच्या गाळात एक टोपी सापडली. पोलीस पाटील हैबतराव ती फडक्यात गुंडाळून म्हसूकडे आले. बरोबर गावातला भिवाजी होता आणि त्याच्या धाकट्या भावाची बायको रंभाबाई. तिचा नवरा कोंडाजी आदल्या दिवाळीत भिवाजीशी बांधावरून भांडून घरातून गेला होता. तो परतला नव्हता.

"कोंडाजीची हाय का सांग," हैबतराव म्हणाले. "त्याच्या टोपीला तुझा हात लागलाय म्हनं."

म्हसूने गाळ धुतला. इतके महिने पाण्यात राहूनही टोपीने आकार सोडला नव्हता. लढाईआधीचा माल. कोंडाजीकडे बापाची तसलीच होती. पण तालुक्यात तशा आणखीही होत्या, म्हणून त्याने आतली पट्टी उलटली. कोंडाजीची टोपी मागे दुरुस्त करताना चामडं कमी पडलं म्हणून डाव्या अंगाला त्याने तुकडा जोडला होता. तो जोड तिथं होता. टाके त्याचेच होते.

"नीट बघा, म्हसूदादा," रंभाबाई म्हणाली. "घाई करू नका."

म्हसूने पुन्हा पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "त्यांचीच हाय, वैनी."

भिवाजी रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. कोंडाजी बुडाला असं हैबतरावांनी वर कळवलं. देह मिळाला नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून भिवाजीने त्याला अग्नी दिला. घरच्या बायकांनी रंभाबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं.

पाऊस सरल्यावर ती एकटी पौडला आली. म्हसूसमोर उभी राहिली.

"टोपी त्यांची व्हती, ते खरं. पन टोपी गेली म्हंजे मानूसबी गेला, हे तुमाला कुनी सांगितलं?"

"म्या तसं म्हनलो न्हाई, वैनी."

"तसं म्हनला न्हाई. पन गप बसला."

त्याला टोपीचं विचारलं होतं, त्याने टोपीचं सांगितलं होतं. माणसाचं काय झालं ते ठाऊक नाही, एवढं त्याच वेळी म्हणता आलं असतं.

त्याच हिवाळ्यात बाजारात कुणी बोललं, की कोंडाजीसारखा एक माणूस कोकणात माणगावकडे कोळशाच्या भट्टीवर दिसला होता. म्हसूने दुकान बांधून ठेवलं आणि ताम्हिणीचा घाट पायी उतरला. भट्टीवरच्या मुकादमाला त्याने कोंडाजीचं वर्णन सांगितलं.

"व्हता तसा एक," मुकादम म्हणाला. "नाव वेगळंच सांगायचा. थंडीतापानं धरला, मग एक दिस उठून गेला. कुटं ते ठावं न्हाई."

"डोक्याला टोपी व्हती?"

"न्हाई. बोडकाच."

म्हसू आणखी गावं हिंडला. कुठंच माग लागला नाही. परत आल्यावर तो रंभाबाईच्या दाराशी गेला आणि ऐकलेलं सगळं, त्यात भर न घालता, तिला सांगितलं.

ती उंबऱ्यावर बसून होती. "असंल, नसंल," ती म्हणाली. "आता आले तरी या घरात त्यांना पान वाढायला कोन धजंल? त्यांना जाळून झालंय." मग म्हणाली, "तुमी एवढं हिंडला. पानी घ्या."

त्यानंतर ती लवळ्याला माहेरी गेली आणि भावाच्या रानात राबू लागली. म्हसूकडे टोप्या येणं कमीच होत गेलं. त्याने टोपी ओळखली नि माणूस मेला ठरला, म्हणून काहींना त्याच्या हाताचं भय वाटे, आणि तरुण पोरं तर बोडक्यानंच हिंडायला लागली होती. कुणी आलाच, तर तो टाके घालून द्यायचा, पण टोपी कधीची ते सांगायचा नाही. शेवटी साचा चुलीत गेला आणि म्हसू धाकटा भाऊ नाथाच्या मेंढरांमागं फिरू लागला.

सुगी झाली की कळप खतासाठी लवळ्याच्या रानात बसायला जाई. रंभाबाई बांधावर दिसे. तिचे केस पिकले होते, कपाळ मोकळं होतं. कधी ती भाकरी आणून द्यायची. कोंडाजीचं नाव दोघंही काढत नसत. चौसष्ट साली म्हसू वारला तेव्हा नाथाने तिला सांगावा धाडला. सांगावा मिळाला, तरी ती आली नाही. त्या दिवशी ती नेहमीसारखी रानात कामाला गेली.