बेलावरच्या पतंगाचं पोट

पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यामध्ये शिरून आतला गर खात जाणारी एक अळी असते. तिच्यामागे चंदेरी, वेडीवाकडी रेघ उरते, म्हणून आमच्या भागातले संत्र्यावाले तिला नागअळी म्हणतात. पुढे तिचा पतंग होतो, तोही मोहरीच्या दाण्याएवढा. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी असल्या पतंगांच्या नादी लागलो. नवी जात शोधून तिला नाव दिलं, की त्या नावामागे शोधणाऱ्याचं आडनाव कायमचं लागतं. मला निवृत्तीच्या आधी ते हवं होतं. बस, एवढंच हवं होतं.

श्रावणात महादेवाच्या देवळामागच्या बेलावर मला ती चंदेरी रेघ दिसली. पुस्तकं सांगतात की बेलावरची आणि संत्र्यावरची अळी एकच. पुस्तकांवर माझा फारसा विश्वास नाही. मी रोज सकाळी जाऊन रोगट पानं तेवढी वेचायला लागलो. पुजारीबुवा दोन-चार दिवस नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "सर, लोक देवाले साजरा बेल वाह्यतात. तुमी किडका कावून नेता? कोनावर करनी करून राहिले का?"

मी म्हटलं, "संशोधन आहे."

"सारे असंच सांगतात," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी आलो की गाभाऱ्याच्या दाराशी येऊन उभे राहायला लागले.

लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये पतंग निघाले. ते, आणि इतर झाडांवरचे माझे आधीचे पतंग, केसासारख्या बारीक सुयांवर टोचून मी टेबलावर मांडले. असलं काम पंखा बंद करून करायचं असतं. भाद्रपदातल्या दुपारी आमच्याकडे पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण त्या दिवशी लाइनच गेली होती, त्यामुळे पुण्य फुकटात पडत होतं. बटन मात्र चालूच राहिलं होतं. लाइन आली, पंखा फिरला, आणि माझे पतंग मेल्यानंतर दुसऱ्यांदा उडाले.

धडं सुयांवर राहिली. पोटं टेबलभर पसरली. मी भिंग घेऊन एकेक पोट गोळा केलं, मापाने जुळवलं आणि डिंकाच्या टिपक्याने ज्याचं त्याला चिकटवलं. ज्याचं त्याला, अशी माझी खात्री होती. बायको दारातून म्हणाली, "मोज्यांच्या जोड्या लावता येत नाहीत तुम्हाला."

पतंगाची ओळख तोंडावरून पटत नाही. पोट काढून कॉस्टिक सोड्यात उकळायचं आणि शेवटाला असलेली जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. बेलावरच्या एका पतंगाचं पोट मी काढलं. इतकं अलगद निघालं की मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतो तर संत्र्यावरच्या पतंगाशी त्याचा काही संबंध नाही. कुठल्याच पुस्तकात तसं चित्र नाही. नवी जात. मी उठून पंखा लावला आणि गार हवेत बसून माझं आडनाव कसं दिसेल ते कागदावर लिहून पाहिलं.

आता डीएनएचा दाखला हवा होता. त्यासाठी पतंगाचा एक पाय पुरतो. याच कॉलेजात शिकलेला माझा वर्गमित्र अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत आहे, त्याला त्याच पतंगाचा एक पाय कुरिअरने पाठवला. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "काई नाई बे. संत्र्यावालाच हाय."

मी फोन ठेवून दिला. पोट म्हणतं वेगळा आणि पाय म्हणतो तोच, असं कसं होईल? पाय माझ्या घरातून निघाला तेव्हा चांगल्या चालीचा होता. मग अकोल्यात काय झालं त्याचं? मला आठवलं, याने एम.एस्सी.ला माझी टिपणं नेली होती ती परत दिली नव्हती. नवी जात कुणाला नको असते? मला गार करायचं, आणि वर्षभराने स्वतःचं आडनाव लावून छापायचं.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला आधी फोन तर करा."

"फोन केला तर तो सावध होईल."

पतंगाच्या धडाची डबी आणि पोट बसवलेली काचपट्टी शर्टाच्या खिशात घालून मी न कळवता एसटीत बसलो. मूर्तिजापूरपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. शेजारचा माणूस चार वेळा माझ्या खिशाकडे बघून म्हणाला, "पाकीट मोठं दिसते, भाऊ." मी जागा बदलली.

प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. मित्र नव्हता, पण त्याच्या टेबलावर ट्रे होता आणि ट्रेमध्ये बेलाची पानं. त्यांवर चंदेरी रेघा. मला रागही आला आणि आनंदही झाला. चोर पकडला की असं होत असावं.

तो मागून चहा घेऊन आला. "अरे, तू कधी आला?"

"हा बेल कोणाचा?"

"महादेवाचा," तो म्हणाला. "तू फोनवर रुसला होता नं. म्हून इथल्या बेलावरचे पतंग काढून पाह्यले. पोट बी पाह्यलं अन् पाय बी. सारे संत्र्यावालेच. तुहा दाखव."

मी धड काढून दिलं. त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाला, "याच्या कमरेले हे काय चमकते?"

मी पाहिलं. वाळलेल्या डिंकाचा टिपका होता.

"पाय याचाच हाय," तो शांतपणे म्हणाला. "पोट कोनाचं लावलं बे?"

मी पंख्याची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की चहा बेलावर सांडला. मग पोटाची काच घेऊन बसला आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं. "पन हे पोट तं खरंच कोनाशी जुयत नाई. त्या दिवशी टेबलावर आनखी कोनत्या झाडाचे होते?"

त्याचा प्रश्न साधाच होता. पण तो विचारताना त्याने पेन हातात घेतलं, आणि ते मला आवडलं नाही. मी म्हटलं, "करंज, आंबा, पळस." घसा साफ केला. "झालं."

भोकर मी सांगितलं नाही.

रविवारी पहाटेच कॉलेजमागच्या भोकराखाली गेलो. पानं जून झाली होती. चंदेरी रेघा होत्या, अगदी ओळीने, पण आत अळी नाही. सगळ्यांचे पतंग होऊन कधीच उडून गेले होते. रेघेच्या टोकाशी वाळलेली कात तेवढी दिसत होती. त्या कातीतून डीएनए निघू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत एकच होता. अर्धा तास झाडाखाली चकरा मारल्या आणि मग फोन लावला.

"वाळलेल्या कातीतून काही निघतं का रे?"

"निघते कधी कधी. भोकराची नं?"

"तुला कसं कळलं?"

"झाडं सांगताना तू पळसापाशी खाकरला. आपल्या वक्ताले कॉलेजमागं चौथं झाड भोकराचंच होतं." मागे गाडीची घरघर ऐकू येत होती. "मी एसटीतच हाय. मूर्तिजापूर मागं पडलं."

फोन ठेवला आणि एखादी अळी राहिली असेल म्हणून वरच्या फांद्या भराभर खाली ओढायला लागलो.