सगळी बाळं पास

तान्ह्या बाळाच्या कानांची तपासणी मी स्टीलच्या थाळीवर पळी हाणून केली आणि सरकारी रजिस्टरात निळ्या शाईनं लिहून टाकलं, ‘ऐकू येतं’. एकदा नाही, सात वेळा. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात. हसू दे. मीही हसते, पण सातव्या बाळाची गोष्ट येईपर्यंतच.

तेव्हा मी काष्टीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. पंचावन्नी उलटलेली, निवृत्ती समोर दिसत होती आणि आता आपल्याला शिकायचं काही उरलेलं नाही अशी पक्की खात्री. अशात जिल्ह्याहून एक यंत्र आलं. मोबाईलएवढं, त्याला वायर आणि वायरीच्या टोकाला मऊ बोंड. ते झोपलेल्या बाळाच्या कानात घालायचं, की पडद्यावर ‘पास’ नाहीतर ‘रेफर’ उमटायचं. रेफर आलं तर महिन्याभरानं पुन्हा तपासायचं. पुन्हा तेच आलं तर नगरला मोठ्या तपासणीला धाडायचं. सगळ्याचे आकडे दर महिन्याला जिल्ह्याच्या कार्यालयात जायचे.

दुसऱ्यांदाही रेफर आलं की आई रडायला लागायची आणि मला यंत्राचा राग यायचा. माझ्या सासूबाईंनी माझ्या तिन्ही पोरांच्या जन्माला पितळी वाजवली होती. पोरं दचकली, कान शाबूत ठरले, विषय संपला. मग मीही थाळी आणायची, पाळण्याच्या लोखंडी कडेला टेकवायची आणि पळीनं एक दणका द्यायची. बाळ दचकायचं, आई डोळे पुसायची. मी ‘ऐकू येतं’ असं रजिस्टरात लिहायची आणि आईच्या कार्डावरही.

वर्षभरानं नगरहून फोन आला, तुमच्या केंद्राच्या आकड्यांबद्दल बोलायचंय, रजिस्टर घेऊन या. मला वाटलं, सत्कार. लेकीच्या लग्नातली साडी काढली, गजरा माळला आणि त्या थाटात एसटीत बसले. शेजारच्या बाईला सांगूनही टाकलं, शाल-श्रीफळ घ्यायला निघालेय म्हणून.

कार्यालयात माझ्या लेकीहूनही लहान अशी एक मुलगी बसली होती. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांचे आकडे जुळवणं हे तिचं काम. तिनं संगणकावर रांगा दाखवल्या. बाकीच्या केंद्रांत दोन्ही तपासण्यांत अडकलेलं एखाददुसरं बाळ होतं. आमच्या रांगेत शून्य, शून्य, शून्य.

“सिस्टर, तुमच्याकडं एकही बाळ अडकत नाही,” ती म्हणाली. “हे चांगलं की वाईट, तेच मला कळेना.”

मी आधी आभार मानले. मग मोठ्या अभिमानानं थाळीची युक्ती सांगितली. तिनं एवढंच विचारलं, की थाळी धरता कुठं. पाळण्याच्या कडेला, म्हटलं. तिनं मला तिच्या लोखंडी टेबलावर कोपरं टेकवून दोन्ही कानांत बोटं घालायला लावली, डोळे मिटायला लावले आणि डब्याचं झाकण टेबलाच्या कडेला धरून त्यावर चमचा हाणला. आवाज पुसट आला, पण दणका कोपरातून थेट दाढांपर्यंत पोचला. मी गजऱ्यासकट दचकले.

बाळं आवाजानं नाही, पाळण्याच्या हादऱ्यानं दचकत होती. तिला ते समजावून सांगावं लागलं नाही. मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत जे ऐकतं त्यावरच बोलायला शिकतं, हे मीच इतरांना शिकवत होते. एखाद्याची ती वर्षं मी पळीनं हाणून घालवत होते.

तिथंच रजिस्टर उघडून सातही ओळी शोधल्या. तिथल्या साहेबांना खरं सांगितलं, मेमो मिळाला, तो अजून जपून ठेवलाय. सहा बाळं आठवड्याभरात पुन्हा आणली. चौघांचे कान यंत्रानं साफ पास केले, दोघांना औषधपाण्यानं बरं वाटलं. सातवी मुलगी मात्र सापडेना.

पहिलटकरीण माहेरी येते, बाळंत होते आणि सव्वा महिन्यानं, फार तर तीन महिन्यांनी, सासरी जाते. आमच्या रजिस्टरात पत्ता माहेरचा आणि फोन मामाचा. मामानं नंबर बदललेला. माहेरची माणसं म्हणाली, सासर पाथर्डीकडं, पण ती समदी ऊसतोडीला गेल्यात, कुठल्या कारखान्यावर ते काय ठावं न्हाई. मुलगी नऊ महिन्यांची झाली होती.

पुन्हा नगर. या वेळी साधी साडी. कार्यालयातल्या त्या मुलीनं विचार करून म्हटलं, कानांचं रजिस्टर पत्त्यावर चालतं, पण लसीकरणाची नोंद आईच्या नोंदणी-नंबरावर चालते, आणि तो नंबर आई जाईल तिथं जातो. दोन्ही याद्या तिनं शेजारी शेजारी मांडल्या. नंबर जुळला. चार दिवसांपूर्वीच गोवराची लस टोचली होती, जिल्ह्याच्या उत्तरेला, एका साखर कारखान्याजवळ, ऊसतोड्यांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. मी तिचा गालगुच्चा घेतला. सरकारी कार्यालयात घेऊ नये, पण घेतला.

दुसऱ्या दिवशी जीपनं तिथं गेले. उसाच्या पाचटाच्या कोपीपुढं सासू भाकरी थापत होती. मी कान तपासायचे म्हटल्यावर ती उखडली. पोरगी चांगली हसती-खेळती हाय, उगं बट्टा लावू नका. तेवढ्यात तिची सून, मुलीला कडेवर घेऊन, कार्ड माझ्यापुढं धरून म्हणाली, “मला कवाच कळलंय, सिस्टर. पाठमोरी असली की हाक मारून बी वळत न्हाई. पन म्या बोलले की ह्या कार्ड दावत्यात. हे तुमीच लिवलंय ना?”

अक्षर माझंच होतं, वळणदार, निळं. त्या आईचं तोंड मी सहा महिने बंद करून ठेवलं होतं.

मी सासूपुढं तिथंच कार्डावर काट मारली, खाली ‘तपासणी चुकीची झाली’ असं लिहून सही केली. म्हटलं, चूक माझी, तुमच्या सुनेची नाही आणि पोरीचीही नाही. सासू तव्यावरची भाकरी उलटत सुनेला म्हणाली, जा, पर सांजच्या आत या.

नगरला मोठी तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आधी कानांत यंत्रं बसवली, पुढं ऑपरेशन झालं, मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं वर्षानुवर्षं खेपा. सासूनं त्या खेपा सुनेपेक्षा जास्त केल्या, हे लिहायलाच हवं.

इकडं नगरच्या त्या मुलीनं तीच दोन याद्यांची युक्ती सगळ्या जिल्ह्यावर चालवली. अकोले तालुक्याच्या डोंगरातली, पाथर्डीच्या माळावरची, दुसऱ्या तपासणीला हरवलेली बाळं लसीच्या नोंदीतून सापडायला लागली. बरीचशी पहिलटकरणींचीच, माहेरी जन्मलेली. मग रजिस्टरात नवा रकाना आला, सासरचा पत्ता आणि हंगामात मुक्काम कुठं. रकाना सुचवला मी. बैठकीत नाव दुसऱ्याच कुणाचं घेतलं, ते जाऊ दे, माझ्या नातवंडांना खरं ठाऊक आहे. निवृत्त झाले त्या महिन्यात आमच्या रांगेत शून्य नव्हतं, दोन बाळं अडकली होती आणि दोन्ही वेळेत नगरला पोचली होती. एवढी खूश मी त्या शून्यांनी कधी झाले नव्हते.

परवा काष्टीच्या बाजारात ती सून भेटली, सुट्टीसाठी माहेरी आलेली. मुलगी पहिलीत गेलीय. कानामागं यंत्र, हातात कुल्फी, तोंड अखंड चालू. मी कौतुकानं खाली वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, आख्खा बाजार वळून बघेल अशा आवाजात विचारलं, शाळा आवडते का गं.

ती दोन पावलं मागं सरकली, कुल्फी सावरली आणि म्हणाली, “आजी, हळू बोला की. मी काय बहिरी हाय व्हय?”