हलवू नका

आमच्या आत्याला बाटलीकडे बघत बसायचा पगार मिळतो, असं तिच्या सासूबाई शेजारपाजारी सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. आत्या एका छोट्या कारखान्यात सॅलडवर घालायचा सॉस करायची. तेल आणि व्हिनेगर घुसळलं की एक होतं, पाठ फिरली की तेल पुन्हा वर येऊन बसतं. म्हणून लेबलवर वर्षानुवर्षं छापलेलं: 'वापरण्यापूर्वी हलवा.' ही ओळ आत्याच्या जिव्हारी लागायची. आपल्या कामातली खोट गिऱ्हाइकाच्या मनगटावर ढकलायची, म्हणजे काय!

मग तिला कायटोसान सापडलं. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली फिकट पूड. व्हिनेगरमध्ये विरघळते आणि घुसळताना तेलाच्या थेंबाथेंबाभोवती जाऊन बसते. मग थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. आतोबा सुतार. त्यांच्या तेल-व्हिनेगरच्या पॉलिशमध्येही आत्यानं तीच पूड घातली, आणि तेही मुकाट एकत्र नांदायला लागलं.

मालकांना मात्र पटेना. "महिनाभर बाटली जागची हलवू नकोस. तेल वर आलं नाही, तर ती ओळ काढतो. आलं, तर हे खूळ बंद."

कारखान्यात येणारा-जाणारा सवयीनं बाटली उचलून हलवायचा, म्हणून आत्यानं ती घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

महिन्यानं मालक आले. सॉस सायीसारखा एकजीव.

"वा! जादूच की!"

"जादू कसली?" सासूबाई म्हणाल्या. "रोज सकाळी मी हलवत होते म्हणून. हिला कुठे आठवण असते!"



"आई, तुला कोणी सांगितलं होतं?" आतोबांनी विचारलं.

"बाटलीवर लिहिलंय ना!"

सॉस जुन्याच लेबलच्या बाटलीत भरला होता.

मालकांनी आणखी एक महिना दिला. शेवटचा. आत्या सासूबाईंशी कामापुरतंच बोलू लागली. ते सासूबाईंना लागलं. त्यांनी आपली खुर्ची फळीसमोर ओढली आणि तिथेच मुक्काम ठोकला. दुपारचं ऊन बाटलीवरून हळूच सरकायचं. तेवढ्यालाच परवानगी होती. आतोबांना शिंक आली, तर अंगणात पिटाळलं जायचं.

मालक पुन्हा आले. मालकांनी बाटली उचलली आणि डोळ्यांसमोर धरायच्या आधीच, सवयीनं, गदागदा हलवली.

"अहो!" आत्या किंचाळली.

मालकांनी बाटलीकडे असं पाहिलं, जणू तिनंच त्यांना हलवलं होतं.

"आता कसं कळणार?" ते पुटपुटले.

"मला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "थेंबभरही तेल वर आलं नाही."

"आजी, तुम्ही घरच्या. सुनेच्या बाजूनंच बोलणार."

"सुनेच्या बाजूनं? मी?" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "अहो, खोटंच बोलायचं असतं, तर मागच्या महिन्यात तोंड बंद ठेवलं नसतं का?"

मालकांनी आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी छताकडे. शेवटी मालकांनी खिशातून पेन काढलं आणि लेबलवरची ती ओळ खोडली. आत्याला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"झालं? आता ती जागेवर ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "सावकाश. दोन्ही हातांनी."