मावशीचं उभं दुखणं

अख्ख्या मावळात आडवं पडून भांडावं ते आमच्या कान्ह्यातल्या शेजारच्या मावशीनंच. ओटीवर पाठ टेकायची आणि आढ्याकडे बघत, नुसत्या पायताणाच्या आवाजावरून माणूस ओळखून त्याची खरडपट्टी काढायची. सूप पोटावर ठेवून तांदूळ निवडायची, चहासुद्धा आडव्यानंच. तिची नक्कल करून मी पारावर लय हशा मिळवलाय.

पण ती खोड नव्हती. बांधावरून घसरून बूड आपटलं, तेव्हापासून उभी राहिली की डोकं फुटायचं आणि आडवी झाली की थांबायचं. भातलावणीत वाकलेली असली तर दोघींना मागं टाकायची, कंबर सरळ केली की डोकं धरून चिखलातच बसायची. झालं, गावभर ढोंगी म्हणून नाव. नवरा म्हणाला, डॉक्टरनं दुखणं आहे असं लिहून दिलं तर ठेवतो, नाहीतर माहेरी जा.

मी लोणावळ्याच्या शाळेत शिकलेला, म्हणून डॉक्टरांशी बोलायला सोबत मी. तीन डॉक्टर केले. तिघेही आधी टेबलावर झोपवायचे आणि मग विचारायचे, कुठं दुखतं? मावशी खरं सांगायची, "आता कुटंच न्हाई." जे दुखणं उभं राहिल्यावर होतं ते झोपवून शोधणारे हे विद्वान! तिसऱ्यानं तर चष्मा पुसत सांगितलं, घरकाम करा, बरं वाटेल. मला अजून संताप येतो.

शेवटी पुण्यात विलायतेहून शिकून आलेला मेंदूचा डॉक्टर गाठला. त्यानंही टेबल दाखवलं.

"मी झोपनार न्हाई," मावशी म्हणाली. "तुमी बसा. मी उभी ऱ्हाते, काय व्हतंय ते बघा."

तो खरंच बघत बसला. अर्ध्या तासात मावशी पांढरीफटक पडली, ओकली. त्यानं स्वतः तिला आडवं केलं, तसा रंग परतला. म्हणाला, मेंदू पाण्यात तरंगत असतो, तुमचं पाणी पाठीतून कुठंतरी पाझरतंय, म्हणून उभं राहिलं की त्याचा आधार जातो. दीड-दोन महिने पडून राहा, पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवा. नवऱ्याच्या नावानं चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं बोलत नाही."

परतीच्या गाडीत मावशी बाकावर आडवी. जागेवरून लोक टाकून बोलले, पण ती कुणावर उलटली नाही. चिठ्ठी छातीशी धरून म्हणाली, "डाक्टर शेवटी काय म्हनला रं? पुन्यांदा सांग."

मी डॉक्टरच्या आवाजात सांगितलं. तळेगाव गेलं, वडगाव गेलं, तरी तिचं मन भरेना. पाचव्यांदा मात्र नक्कल जमेना. माझ्याच आवाजात म्हणालो, "मावशी, तुझं खरं होतं."

तिनं बाकाच्या पाठीकडे तोंड वळवलं आणि पदरात रडली.