सडा न टाकलेलं अंगण

कॅमेरा खोटं बोलत नाही, असं कोणी म्हणालं की माझं डोकं अजून फिरतं. नसेल बोलत. त्याला तोंड कुठे आहे? खोटं बोलायला त्याच्यामागे माणसं उभी असतात, आणि त्या माणसांना लोकांच्या घरात शिरायची वाट दाखवायला गावातलं कोणीतरी लागतं. कामरगावात ते कोणीतरी मी होते.

लढाईचे दिवस होते. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि परीक्षेपुरत्या हजर राहणाऱ्या वीसेक मुली. एक दिवस वरून चिठ्ठी आली की खेड्यातल्या स्वच्छतेवर सिनेमा काढायला मुंबईची माणसं येत आहेत, त्यांना मदत करावी. त्याला ती माणसं बोधपट म्हणत. आमच्या गावात तोवर साधा सिनेमाही कोणी धड पाहिलेला नव्हता, आणि एकदम बोधच यायचा होता. मला मात्र फार आनंद झाला. शिकलेल्या माणसांशी बोलायला मिळेल, या लोभानं मी त्यांची जेवायची सोयही स्वतःकडे घेतली.

दोघं आले. एक दिग्दर्शक, तिशीतला, खादीचा झब्बा, बोलायला लागला की थांबणं नाही. दुसरा कॅमेरावाला, वयानं बराच मोठा, कमी बोलणारा. त्यांना एक नमुनेदार घर हवं होतं. मी क्षणभरही विचार न करता शाळेसमोरच्या मावशीचं घर दाखवलं.

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. पाचसहा एकरांच्या शेतकऱ्याची बायको, पण तिचं अंगण गावात नावाजलेलं. मी शाळेचं कुलूप काढायला यायचे तेव्हा तिचा सडा टाकून, रांगोळी घालून झालेलं असायचं. शेण कालवण्यातही तिची शिस्त होती. पातळ झालं की पुन्हा कालवायची. तिचा एकुलता मुलगा फौजेत लॉरी चालवायला गेला होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी. त्याची पत्रं मी वाचून दाखवायचे आणि उत्तरंही मीच लिहायचे. ती सांगायची, मी लिहायचे. पत्रं वाटेत फोडून वाचतात हे ठाऊक असल्यामुळे आम्ही ढोरं, पराटीचा कापूस आणि तब्येत यापलीकडे जात नसू.

मावशीनं आधी साफ नाही म्हटलं. परक्या पुरुषांनी घराचे फोटो कायले काढायचे, असा तिचा रोकडा सवाल होता. मग दिग्दर्शकानं घरात कोण कोण आहे म्हणून चौकशी केली. मुलगा फौजेत आहे म्हटल्यावर तो लगेच म्हणाला की आमचे सिनेमे छावण्यांमधून शिपायांना दाखवतात, तुमचा मुलगा तिकडे बसून आपलं घर बघेल. लहान पोराच्या हातावर खडीसाखर ठेवावी तितक्या सहज तो हे बोलला. मावशीचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर तिला समजावायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नकार्याचं लुगडं नेसून ती तयार होती. भिंती मातीनं पोतारून झाल्या होत्या. एकदाच टाकायचा सडा तिनं त्यांच्यासाठी चार वेळा टाकला, कारण कधी ऊन सरकायचं, कधी मध्येच कोंबडी यायची. घरचं शेण संपलं तेव्हा शेजारणीनं दिलं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, नेहमीचं काम करत राहायचं, असं दिग्दर्शक तिला पुन्हा पुन्हा सांगत होता. चौथ्या वेळी रांगोळीचं शेवटचं बोट ओढून तिनं मान वर केली आणि थेट भिंगात पाहिलं. तो वैतागला. ती मला म्हणाली, "पोट्ट्याकडं नाई पाहू त कोनाकडं पाहू?"

त्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर भाकरी आणि अंबाडीची भाजी खात दोघांचं आपल्या कामावर बोलणं चाललं. मी वाढत होते आणि कान देऊन ऐकत होते. दिग्दर्शकाचं म्हणणं असं की, खरं जसंच्या तसं टिपलं तर ते पडद्यावर खरं वाटत नाही. खऱ्याचीही मांडणी करावी लागते. चेहरा कुठून घ्यावा, माणसाला कॅमेऱ्याचा विसर कसा पाडावा, दोन चित्रं शेजारी लावली की तिसराच अर्थ कसा निघतो, हे त्यानं इतकं सुंदर सांगितलं की माझी तव्यावरची भाकर करपली. त्यांच्या बोलण्यात मावशी मात्र कुठेच नव्हती. होता तो 'विषय'. विषय चांगला आहे, विषय ताठरतो, विषयाचे हात बोलके आहेत. मला ते खटकलं, पण शिकलेली माणसं असंच बोलत असतील म्हणून मी गिळलं.

कॅमेरावाल्यानं एकच अडचण काढली. सारवलेलं अंगण फिल्मवर काळंच दिसणार, तो म्हणाला. शेणाचा हिरवट ओलसर रंग आपल्या डोळ्यांना. फिल्मला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. झाडलेलं आणि न झाडलेलं यांत फरक दिसायचा नाही. त्यावर दिग्दर्शक म्हणाला की फरक दिसत नसेल तर आपण तो वाढवू. बोधपटात आधीचं घर आणि नंतरचं घर अशी जोडी लागते. नंतरचं मिळालं. उद्या त्याच घराचं आधीचं घेऊ.

"म्हणजे?" मी विचारलं.

"केर टाकू. उकिरड्यासारखं करू. दोन मिनिटांचं काम आहे."

कॅमेरावाला म्हणाला, "मी इथे दोन दिवस आहे. हे अंगण मी घाण पाहिलेलं नाही."

"तुम्ही पाहिलं नाही, पण देशात अशी लाखो अंगणं आहेत," दिग्दर्शक म्हणाला. "आपण त्या सगळ्यांचं दाखवतोय."

लाखो अंगणं घाण होती तर त्यांतलं एखादं शोधायचं होतं. हे तेव्हा मला सुचलं नाही, म्हणून मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

आज सडा नको, केर टाकायचा आहे, हा निरोप घेऊन मी सकाळी गेले तेव्हा मावशीनं हातातली घागर खाली ठेवली. आमच्याकडे दारात सडा नाही, रांगोळी नाही याचा अर्थ एकच, घरात सुतक आहे. कोणी विचारत नाही, पाहूनच कळतं. मुलगा लढाईवर गेल्यापासून तिनं ताप असतानाही सडा चुकवला नव्हता. तिला तो चुकवायचा धीरच नव्हता. ती म्हणाली, "माह्या लेकानं आंगन असं पाह्यलं त त्याले वाटन, घरात कोनी मेलं. तिकडं एकटं पोरगं काय करन?"

यावर माझं तोंड बंद व्हायला हवं होतं. पण मी मास्तरीण. समजावून सांगणं हाच माझा धंदा. मी सांगितलं की आधीचं चित्र डोळ्याचं पातं लवायच्या आत जाईल, त्यानंतर तुमचं सारवलेलं, रांगोळीचं अंगण येईल आणि तेच त्याच्या ध्यानात राहील. मावशीनं अट घातली की सिनेमा तिच्या रांगोळीवर संपला पाहिजे. दिग्दर्शकानं तिच्यासमोर उभं राहून शब्द दिला. त्यानं नुसता शब्द दिला, त्या शब्दाला जामीन मी राहिले.

मग कडब्याचा चुरा आला, चुलीतली राख आली, शेजारच्या गोठ्यातून शेळ्यांच्या लेंड्या आल्या. काल हाकललेल्या कोंबड्यांना आज दाणे टाकून बोलावलं. मावशीला फाटकं लुगडं नेसून त्या केरात बसायला सांगितलं. चेहरा उदास ठेवा, असं सांगावं लागलं नाही. ते चित्र एकाच वेळेला जमलं, पुन्हा घ्यावं लागलं नाही. दिग्दर्शक खूश होऊन म्हणाला की आज विषय कॅमेरा विसरला.

काम झाल्यावर कॅमेरावाल्यानं स्वतः खराटा उचलला. मावशीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पाहुण्यानं झाडू नये, एवढंच म्हणाली. तिनं भर दुपारी अंगण झाडून, सारवून, सडा टाकला. मढं घरातून निघालं की मागे असाच अवेळी सडा टाकतात, म्हणून दुपारचा सडा पाहून दोन बाया धावत आल्या, घरातून कोण गेलं म्हणून विचारायला. त्यांना उत्तर देता देता तिचा आवाज चढला. मी शाळेच्या दारातून हे ऐकलं आणि बाहेर गेले नाही.

सात-आठ महिन्यांनी सिनेमाची गाडी आली. शाळेच्या पटांगणात पडदा लावला. चित्राला आवाज नव्हता. सोबत छापील कागद होता आणि तो कर्ण्यातून वाचायचा होता. बायकांसाठीचा सिनेमा म्हणून बाईचाच आवाज हवा, असं गाडीवाल्यानं सांगितलं, म्हणून तो मान मला मिळाला. कंदिलाच्या उजेडात कागद धरून मी पडद्याकडे पाठ करून उभी होते. मावशी पहिल्या रांगेत, तेच लग्नकार्याचं लुगडं नेसून, नवऱ्यासह.

मी स्पष्ट उच्चारांत वाचत गेले. 'या गृहिणीला स्वच्छता म्हणजे काय हे ठाऊक नाही. तिच्या आळसाची किंमत तिची मुलं मोजतात.' वाचून झालं आणि पटांगण इतकं गप्प झालं की मी मागे वळून पाहिलं. पडद्यावर मावशी केरात बसली होती. भिंतीएवढी मोठी. पातं लवायच्या आत जायचं ते चित्र, हलेचना.

आता पुढचं येईल, रांगोळीचं येईल, म्हणून मी वाचत राहिले. पुढे आलं ते दुसऱ्याच कुठल्या गावचं घर. चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र भिंती, फरशीचं अंगण, पावडर लावलेली हसरी बाई. तिच्यावर सिनेमा संपला. लोक उठले, मावशी बसून राहिली. तिला वाटलं अजून आहे. ती मला नेहमी अगं-तुगं करायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, माहं सारवलेलं आंगन तुमी कवा दाखवता?"

मी गाडीवाल्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, मी फक्त यंत्र फिरवतो. सगळेच फक्त काहीतरी फिरवतात. मी मुंबईला चांगलं चार पानी पत्र लिहिलं. दिग्दर्शकाचं उत्तर आलं, अक्षर सुरेख, भाषा गोड. सारवलेलं अंगण पडद्यावर काळपट आलं, त्यात सुधारणा दिसेना, कलेच्या दृष्टीनं ते वापरणं शक्य झालं नाही, बाईंचा चेहरा मात्र सर्वांना फार आवडला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी मुलींकडून दरवर्षी घोकून घ्यायचे. असं अक्षरशः वाकडं ठरवलेलं अंगण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दिलेल्या शब्दाबद्दल पत्रात एक ओळ नव्हती.

पण मावशीला ना कलेचं पडलं होतं ना गावातल्या कुजबुजीचं. गावात बायका तिला आळशी म्हणून हसल्या, तिनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला एकच घोर होता. हे चित्र आता छावणीत जाणार. दुसऱ्या दिवशी ती पोस्टाचं पाकीट घेऊन आली. "लिहा बाई, का आंगन झाडेल हाय, सडा रोज पडते, सगळे जित्ते हायेत. पाहून भिऊ नको म्हना."

मी तसंच लिहिलं. रागात होते, म्हणून जरा जास्तच ठासून लिहिलं. घरी सगळे जिवंत आहेत, अंगण रोज सारवलं जातं, तुझ्या कानावर किंवा डोळ्यांवर काहीही आलं तरी विश्वास ठेवू नकोस. सिनेमाचा उल्लेख मात्र मुद्दाम गाळला. सरकारी सिनेमाला खोटं म्हटलेलं पत्र वाटेत फाडतील, अशी मला भीती होती. माझी हुशारी ती एवढी.

लढाई संपली आणि मुलगा परत आला. वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो शाळेत मला भेटायला आला. मी आधी तेच विचारलं, तिकडे आईचा सिनेमा पाहिलास का. कोनता सिनेमा, त्यानं विचारलं. त्यांच्या छावणीत नाचगाण्याचे दोन सिनेमे आले होते, घरादाराचा एकही नाही. म्हणजे दिग्दर्शकाचा छावणीत दाखवायचा तो पहिला शब्दही खोटाच. माझा संताप पुन्हा उसळला आणि मी त्याला सगळी हकीगत सांगू लागले. दिग्दर्शक कसा, त्याचा बोधपट कसा, आधीचं काय, नंतरचं काय.

मग त्यानं खिशातून घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेलं एक पत्र काढलं. अक्षर माझं होतं.

"बाई, तुमी कदी असं लिवत नव्हता," तो म्हणाला. "ढोरं, पराटी, बस. आन एकदम हे, सगळे जित्ते हायेत, आंगन सारवलेलं हाय, कायवर इस्वास ठेवू नको. मी समजलो, माय गेली. बाई लपवून राह्यल्या."

त्यानंतरची पत्रंही माझ्याच अक्षरात जात होती, त्यामुळे त्यांच्यावरही त्याचा विश्वास बसला नव्हता. जवळजवळ दीड वर्ष तो आईला मेलेली धरून लॉरी चालवत होता. मोटारीतून उतरल्यावर तो घराकडे थेट गेला नव्हता. शाळेच्या कोपऱ्यावर थांबून त्यानं आधी अंगण पाहिलं होतं.